अमेरिकन क्रांतीतल्या पूर्वजाच्या नात्याने डीएआर किंवा एसएआरचे सभासद होताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये आता अशी बरीच मुले वाढत आहेत, ज्यांच्या आई किंवा वडिलांचे घराणे अठराव्या शतकापासून तिथेच आहे. ४ जुलै २०२६ ला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची अडीचशे वर्षे, त्यामुळे ‘आपलाही कोणी पूर्वज त्या लढ्यात होता का’ हा प्रश्न या घरांतूनही विचारला जातो. अशा कुटुंबांना अर्जाच्या कामात मदत करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

या संस्था नेमक्या कोणत्या?

मुख्य दोन. स्त्रियांसाठी ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ म्हणजे डीएआर आणि पुरुषांसाठी ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ म्हणजे एसएआर. एसएआरची स्थापना ३० एप्रिल १८८९ ची. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पहिल्या शपथविधीला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. पुढच्याच वर्षी या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घ्यायचे नाकारले.

त्यावर मेरी लॉकवूड यांनी जुलै १८९० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी न्यू जर्सीच्या हॅना आर्नेट या बाईची हकिकत सांगितली. १७७६ मध्ये तिच्या घरात जमलेली पुरुषमंडळी ब्रिटिशांची माफी स्वीकारून मोकळे व्हायच्या विचारात होती. त्यात तिचा नवराही होता. हॅनाने आत येऊन सगळ्यांना खडसावले आणि तो बेत मोडून काढला. अशा बायकांचे स्मरण कोण ठेवणार, हा लॉकवूड यांचा सवाल होता. ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टनमध्ये डीएआरची रीतसर स्थापना झाली. मेरी लॉकवूड यांच्यासह मेरी देशा, एलेन हार्डिन वॉलवर्थ आणि युजेनिया वॉशिंग्टन या चौघींना संस्थापक मानले जाते. पहिल्या अध्यक्ष होत्या कॅरोलाइन हॅरिसन, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी.

मुलामुलींसाठी १८९५ पासून ‘चिल्ड्रन ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ आहे. त्याशिवाय १७८३ ची ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ आहे, पण ती सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या वारसांची आहे आणि तिचे नियम फार वेगळे आहेत. आपल्या घरांना उपयोगाच्या त्या पहिल्या तीन.

माझ्या मुलीचे आडनाव कुलकर्णी आहे. तिला खरेच अर्ज करता येतो?

येतो, आणि पूर्ण हक्काने येतो. डीएआरची अट एवढीच, की अर्जदार अठरा वर्षे पूर्ण झालेली स्त्री असावी आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याला मदत केलेल्या एखाद्या व्यक्तीची ती रक्ताच्या नात्याने थेट वंशज असल्याचे तिने कागदोपत्री सिद्ध करावे. वंश, धर्म, आडनाव, कातडीचा रंग यांचा संबंध नाही. नाते कुठल्याही बाजूने चालते : आईची आई, तिचे वडील, त्यांची आई असे वळत गेले तरी हरकत नाही. आपल्याकडच्या कुळवृत्तान्तात लेकी सासरी गेल्या की त्यांची शाखा सहसा तिथेच थांबते. इथे लेकीची शाखा मुलाच्या शाखेइतकीच चालते. म्हणून आडनाव दर दोन-तीन पिढ्यांनी बदललेले दिसले तर गोंधळू नका.

‘थेट वंशज’ या शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्या. पणजोबांचे पणजोबा चालतात, त्यांचे भाऊ चालत नाहीत. चुलत घराण्यात कितीही मोठा सेनापती होऊन गेला असला तरी अर्जाला त्याचा उपयोग नाही.

मी भारतातून आले, नवरा अमेरिकन आहे. मला सभासद होता येईल का?

नाही. लग्नाने हे नाते मिळत नाही. तुमच्या मुलांना नवऱ्याच्या बाजूने अर्ज करता येईल. पण माझा अनुभव असा, की या घरांमध्ये कागद जमवायचे काम बहुतेक वेळा आपल्याकडून गेलेली व्यक्तीच करते. ज्यांना स्वतःला काही मिळणार नाही अशा आया आणि बाबा महिनोन् महिने जनगणनेची पाने चाळतात. याचे मला फार अप्रूप आहे.

पूर्वज सैनिकच असावा लागतो का?

मुळीच नाही, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत भावणारा भाग हाच आहे. सर्वसाधारणपणे १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ हा काळ धरला जातो, म्हणजे लेक्सिंग्टनच्या लढाईपासून ब्रिटिश फौजा न्यूयॉर्क सोडून गेल्या तोपर्यंत. या काळातल्या सेवेचे तीन प्रकार मानतात. लष्करी सेवेत कॉन्टिनेन्टल आर्मी (सर्व वसाहतींचे मिळून उभारलेले सैन्य), नौदल आणि वसाहतींची मिलिशिया येते. मिलिशिया म्हणजे गावोगावचे शेतकरी-कारागीर, जे हाक आली की बंदूक घेऊन निघत आणि दोन-तीन महिन्यांनी परत नांगराला लागत. मुलकी सेवेत तेव्हाच्या नव्या सरकारांखाली काम केलेले लोक येतात : शेरीफ, न्यायाधीश, नगराचा कारकून, ज्यूरी.

तिसरा प्रकार देशसेवेचा आणि तो फार विस्तृत आहे. एकनिष्ठतेची शपथ घेतलेला माणूस यात बसतो. मेरीलँडमध्ये १७७८ मध्ये घेतलेल्या शपथांच्या याद्या आजही उपलब्ध आहेत. फौजेला धान्य, गोमांस, चारा, घोडा, गाडी पुरवणारा बसतो. लढ्यासाठी लावलेला कर भरणारा, जखमींवर उपचार करणारा, बोस्टन टी पार्टीत चहा समुद्रात फेकणारा, सगळे बसतात. स्त्रियाही स्वतःच्या नावाने पात्र ठरतात. व्हर्जिनियाच्या जुन्या दाव्यांच्या कागदांत एखाद्या विधवेने सैन्याला इतके पौंड मांस दिले, त्याचे इतके येणे आहे, एवढीच ओळ असते. त्या एका ओळीवर आज तिच्या खापरपणतीच्या लेकी सभासद होतात. घरात ‘आमच्यात कोणी लढवय्या नव्हता’ असे सांगितले जात असेल, तर शोध तिथे थांबवू नका.

परकीयही चालतात. फ्रेंच सैन्य आणि आरमारातले लोक, तसेच लुइझियानाचे स्पॅनिश गव्हर्नर बर्नार्दो दे गाल्वेस यांच्या हाताखाली ब्रिटिशांशी लढलेले सैनिक यांचे वंशज या संस्थांत आहेत.

मग त्याच वर्षांत इंग्रजांशी लढलेले मराठे का नाहीत?

हा प्रश्न मराठी माणूसच विचारतो, आणि तो योग्य आहे. पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२ या काळात झाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी हात टेकले, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. काळ तोच, शत्रूही तोच. पण मराठे आपल्या राज्यासाठी लढत होते, अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी नव्हे, आणि संस्थांची अट त्या कार्याला केलेल्या मदतीची आहे.

त्या जगात भारताची खबर मात्र पोचत होती. पेनसिल्व्हेनियाने डेलावेअरच्या उपसागरातल्या व्यापाराच्या रक्षणासाठी एक जहाज सज्ज केले, त्याचे नाव ‘हायडर अली’. इंग्रजांना जेरीला आणणाऱ्या म्हैसूरच्या हैदर अलीवरूनच ते ठेवले होते. कर्णधार जोशुआ बार्नी यांनी ८ एप्रिल १७८२ रोजी याच जहाजावरून ‘जनरल मंक’ हे ब्रिटिश जहाज पकडले. तुमच्या जोडीदाराच्या घराण्यातला कोणी त्या जहाजावर खलाशी निघाला, तर ती सेवा अर्जात चालेल.

पूर्वज ब्रिटिशांच्या बाजूचा निघाला तर?

तो या अर्जाला चालणार नाही. आधी शपथ घेऊन नंतर बाजू बदलणाराही चालत नाही. निष्ठा शेवटपर्यंत टिकलेली असावी लागते. राजाशी एकनिष्ठ राहिलेले हजारो लोक युद्धानंतर कॅनडात गेले. त्यांच्या वंशजांची ‘युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट्स’ ही वेगळी संस्था तिथे आहे. एकाच घराण्यात दोन्ही बाजूंचे पूर्वज निघणे अगदी नेहमीचे आहे.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःपासून, आणि एकेक पिढी मागे. बहुतेक जण उलट करतात : घरात ऐकलेले एखादे नाव घेतात आणि तिथून खाली यायला बघतात. त्यात वर्ष जाते आणि शेवटी कळते, की तो माणूस आपला नव्हेच.

तीन-चार पिढ्या मागे गेल्यावर, साधारण १८५० च्या आसपासची नावे हाताशी आली, की डीएआरच्या संकेतस्थळावरची वंशावळ-शोध यंत्रणा उघडा. ती सर्वांना मोफत आहे. त्यात आजवर मान्य झालेल्या पूर्वजांची यादी आहे आणि त्यांच्या वंशजांच्या शाखाही बऱ्याच खालपर्यंत दिलेल्या असतात. हयात माणसांच्या पिढ्या मात्र खासगी ठेवल्या जातात. आतापर्यंत दहा लाखांहून अधिक स्त्रिया डीएआरच्या सभासद झालेल्या असल्यामुळे, तुमच्या शाखेचा वरचा अर्धा भाग कोणीतरी आधीच सिद्ध केलेला असण्याची शक्यता चांगली असते. तसे असेल तर त्या जुन्या अर्जाची प्रत शुल्क भरून मागवता येते आणि तुमचे काम फक्त खालच्या पिढ्यांपुरते उरते.

यादीत आमच्या पूर्वजाचे नाव सापडले. आता काम झालेच ना?

अजून नाही. नावाच्या नोंदीखाली काही सूचना आहे का ते आधी वाचा. सुरुवातीच्या दशकांत अर्ज बऱ्याच ढिलेपणाने मंजूर होत. पुढे त्यातल्या चुका लक्षात आल्यावर ‘यापुढच्या अर्जदारांनी सेवा नव्याने सिद्ध करावी’ किंवा ‘या मुलाकडून येणारे नाते सिद्ध करावे’ अशा सूचना घालण्यात आल्या. अशी सूचना असेल तर आजीची आजी सभासद होती, हे सांगून भागत नाही.

दुसरी अडचण एकाच नावाच्या माणसांची. एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, त्या काळात चार जॉन स्मिथ आणि तीन विल्यम डेव्हिस सहज असत. मस्टर रोलमध्ये, म्हणजे सैनिकांच्या हजेरीपत्रकात, नुसते नाव असते. वय नाही, बायकोचे नाव नाही. तुमचा जॉन स्मिथ त्या वेळी त्याच भागात राहत होता, हे जमिनीच्या दस्तांवरून, करयादीवरून किंवा मृत्युपत्रावरून दाखवावे लागते. अर्जात युद्धकाळातले वास्तव्य वेगळे विचारतात ते यासाठीच.

प्रत्येक पिढीसाठी कोणते कागद लागतात?

जन्म, लग्न, मृत्यू यांच्या तारखा आणि ठिकाणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका पिढीचे पुढच्या पिढीशी असलेले नाते सांगणारा पुरावा. तारीख सापडते पण नाते सापडत नाही, इथेच बहुतेक अर्ज अडतात.

अर्जदार, आईवडील आणि आजीआजोबा या पिढ्यांसाठी सरकारी दाखलेच द्यावेत. अर्जदाराचा जन्मदाखला आईवडिलांची नावे असलेला, पूर्ण नमुन्यातला हवा. छोट्या नमुन्यावर ती नावे नसतात आणि अर्ज परत येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यस्तरावर नोंदणी १८४१ पासून आहे, पण कित्येक राज्यांत ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. त्यामागच्या पिढ्यांसाठी चर्चची नोंदवही, मृत्युपत्र, वाटणीचे कागद, थडग्याचा शिलालेख, वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता, कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवरच्या नोंदी हे सगळे उपयोगी पडते. बायबलच्या नोंदी देताना मुखपृष्ठाच्या आतले छपाईचे वर्ष असलेले पानही जोडा. १८७० ला छापलेल्या ग्रंथात १७९० चा जन्म लिहिला असेल, तर तो नंतर आठवून लिहिला हे उघड होते आणि त्याचे वजन त्यानुसार ठरते.

जनगणनेबद्दल एवढे लक्षात ठेवा. १७९० पासून दर दहा वर्षांनी ती होते, पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येते. कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हे १८८० पासून लिहू लागले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बहुसंख्य लोकांची नावे पहिल्यांदा १८७० ला दिसतात. १८९० च्या जनगणनेचे बहुतांश कागद १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाले, म्हणून १८८० आणि १९०० च्या मधली वीस वर्षे जोडताना स्थानिक नोंदी शोधाव्या लागतात.

पेन्शन फाइल म्हणजे काय? सगळे तिच्याबद्दल का बोलतात?

कारण एकाच जागी सेवाही सापडते आणि नातेही. १८१८ च्या कायद्याने गरजू कॉन्टिनेन्टल सैनिकांना पेन्शन मिळाली. १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्या मिलिशियातल्या लोकांनाही, आणि १८३६ मध्ये विधवांना. १८३२ च्या वेळी अर्ज करणारे सत्तरी-ऐंशीचे म्हातारे होते. त्यांच्याकडे कागद नव्हते, म्हणून त्यांनी काउंटीच्या कोर्टात उभे राहून आठवणीने सांगितले : जन्म कुठला, कोणत्या कप्तानाखाली गेलो, कोणती नदी ओलांडली, घरी कधी परतलो. कारकुनाने ते लिहून घेतले. शेवटी कित्येकांची सही नाही, नुसती फुलीची खूण आहे.

विधवांच्या फाइली तर अधिक बोलक्या. लग्न झाल्याचा पुरावा द्यायचा, आणि दाखला नाही. मग काहींनी घरच्या बायबलमधले पान फाडून अर्जाला जोडून वॉशिंग्टनला पाठवले. नवरा-बायकोच्या आणि सगळ्या मुलांच्या जन्मतारखा लिहिलेली ती पाने आजही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फाइलीत आहेत आणि त्यांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. एकूण सुमारे ८०,००० फाइली आहेत. तुमच्या पूर्वजाची नसेल तर निराश होऊ नका. पुष्कळ जण कायदा होण्याआधीच वारले होते. शिवाय नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याला लागलेल्या आगीत त्याआधीचे अर्ज जळून गेले.

आमचे लग्न पुण्यात झाले. तिथले कागद चालतील का?

चालतील. विवाह नोंदणी दाखला हाच कागद द्या; लग्नपत्रिका किंवा कार्यालयाची पावती नको. देवनागरीतल्या दाखल्यासोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. लग्न झाले पण नोंदणी राहून गेली असेल, तर आधी महापालिकेच्या किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून ती करून घ्या. मूल भारतात जन्मले असेल, तर महापालिकेचा जन्मदाखला आणि अमेरिकन वकिलातीने दिलेला परदेशातील जन्माचा अहवाल, दोन्ही जोडलेले बरे.

खरा घोळ नावांचा होतो. लग्नात अमेरिकन सुनेचे नाव हौसेने बदलले जाते, विवाह नोंदणीत तेच नवे नाव येते, पासपोर्टवर जुने राहते, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर तिसराच मेळ असतो. तपासणाऱ्याला ही एकच बाई आहे हे कसे कळणार? नावबदलाची राजपत्रातली प्रसिद्धी असेल तर ती द्या. नसेल तर दोन्ही नावे एकत्र असलेला कुठलाही अधिकृत कागद शोधा. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लावायची आपली पद्धतही एका ओळीत समजावून सांगा. भारतातल्या बाजूची वंशावळ मात्र जोडायची गरज नाही. अर्जात ज्या शाखेने पूर्वजापर्यंत जाता येते, तेवढीच दाखवतात.

इंटरनेटवरचा वंशवृक्ष किंवा डीएनए चाचणी दाखवली तर?

संकेतस्थळांवर लोकांनी टाकलेले वंशवृक्ष पुरावा म्हणून चालत नाहीत. एकाने चूक केली की पन्नास जण तीच उतरवून घेतात. त्यांचा उपयोग दिशा कळण्यापुरता करा आणि मूळ कागद स्वतः पाहा. एकोणिसाव्या शतकात छापलेल्या घराण्यांच्या इतिहासांचेही तसेच. लेखकाने आधार दिला नसेल तर तपासणारे ते मान्य करतीलच असे नाही.

नुसत्या डीएनए चाचणीवर कोणी सभासद होत नाही. तुम्ही अमक्याचे वंशज आहात असे ती चाचणी सांगूच शकत नाही, दोन माणसे एकमेकांशी जोडलेली आहेत एवढेच सांगते. डीएआर वडील-मुलगा अशा अखंड पुरुषशाखेतल्या वाय-डीएनएला कागदांच्या जोडीने पूरक पुरावा मानते.

आमचे मूल दत्तक आहे. त्याला अर्ज करता येईल का?

दत्तक आईवडिलांच्या घराण्यावरून नाही. भारतातून दत्तक घेतलेल्या मुलांच्या पालकांना हे उत्तर देणे मला जड जाते, कारण घरात ते मूल सर्वार्थाने त्यांचेच असते. पण नियम रक्ताच्या नात्याचा आहे आणि त्याला अपवाद नाही. अर्ज भरायला बसण्याआधीच मुलाला हे सांगा. नकाराच्या पत्रातून कळू देऊ नका. उलट, अमेरिकेत जन्मलेल्या दत्तक व्यक्तीला आपले जन्मदाते कोण हे कागदांनी दाखवता आले, तर तिला त्या बाजूने अर्ज करता येतो.

या संस्थांचा वर्णभेदाचा इतिहास आहे ना? आपली मुले तिथे का जावीत?

इतिहास आहे, आणि तो जाणून घेऊनच जावे. १९३९ मध्ये डीएआरने वॉशिंग्टनमधले आपले कॉन्स्टिट्यूशन हॉल हे सभागृह थोर कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना द्यायचे नाकारले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यावर डीएआरचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या आणि समोर सुमारे ७५,००० लोक होते.

पुढे १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या कॅरन बॅचलर या डीएआरच्या पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय सभासद झाल्या. तरीही वॉशिंग्टनच्या लीना फर्ग्युसन यांना अनेक वर्षे अडवून ठेवले गेले. त्यांनी माघार घेतली नाही. १९८४ मध्ये तडजोड झाली, त्या सभासद झाल्या, भेदभावाला मनाई करणारा नियम संस्थेने केला आणि क्रांतियुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावे शोधून काढायचे मान्य केले. त्या कामातून २००८ मध्ये कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी अशा ६,६०० हून अधिक लोकांची सूची प्रसिद्ध झाली.

मला वाटते, जायचे कारण हेच आहे. फर्ग्युसन यांच्या हट्टामुळे हजारो नावे उजेडात आली. सावळ्या रंगाची, मराठी आडनावाची मुलगी जेव्हा सगळे कागद घेऊन त्या टेबलाशी बसते, तेव्हा वारस कसा दिसतो याबद्दलची जुनी समजूत तिथल्या तिथे बदलते. मात्र हा मुलीचा निर्णय असावा. एखाद्या चॅप्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेत, वातावरण परके वाटले, तर दुसऱ्या चॅप्टरमध्ये जायला काहीच हरकत नाही. चॅप्टरगणिक माणसे फार वेगळी असतात.

अर्ज प्रत्यक्षात जातो कसा?

आधी जवळच्या चॅप्टरशी संपर्क साधा. डीएआरचे सुमारे ३,००० चॅप्टर आहेत, काही लंडन-पॅरिससारख्या परदेशी शहरांतही. तिथली रजिस्ट्रार कागद पाहते, कुठे तुटक आहे ते सांगते आणि अर्ज भरायला मदत करते. ही सगळी कामे सभासद विनामूल्य करतात आणि त्यातल्या अनेकींचा जुन्या नोंदींचा अभ्यास थक्क करणारा असतो. तुम्ही अर्धवट माहिती घेऊन गेलात तरी त्या दार लावून घेत नाहीत. सभांना पाहुणी म्हणून एक-दोनदा जाऊन या, म्हणजे ओळखी होतील. अर्जावर सभासदांची शिफारसही लागते.

त्यानंतर अर्ज वॉशिंग्टनच्या मुख्यालयात जातो आणि तिथले वंशावळतज्ज्ञ प्रत्येक दुवा तपासतात. शंका आली की पत्र येते. त्या पत्राला नकार समजू नका. बहुतेक वेळा एखादा दाखला किंवा खुलासा मागितलेला असतो. एसएआरचा अर्ज आधी राज्याच्या रजिस्ट्रारकडे आणि मग केंटकीतल्या लुईव्हिल इथल्या मुख्यालयात जातो. आई, बहीण किंवा असे जवळचे कोणी आधीच सभासद असेल तर काम खूपच हलके होते.

खर्च किती येतो?

अर्जाचे एकदाच भरायचे शुल्क आणि दरवर्षीची वर्गणी. वर्गणीत राष्ट्रीय, राज्याची आणि चॅप्टरची अशी तीन भागांची बेरीज असते, म्हणून ती जागेनुसार बदलते. चॅप्टरला विचारूनच आकडा घ्या. दाखल्यांच्या प्रतींचा खर्च लोक धरत नाहीत आणि बऱ्याचदा तोच जास्त निघतो. प्रती मागवण्याआधी कोणते कागद खरोखर लागणार आहेत हे रजिस्ट्रारला दाखवून घ्या.

सभासदत्वाने व्हिसा, नागरिकत्व किंवा शिष्यवृत्तीत फायदा होतो का?

व्हिसा आणि नागरिकत्वाशी काडीचाही संबंध नाही. डीएआरच्या बऱ्याच शिष्यवृत्त्यांना सभासद असण्याची अट नसते. त्यासाठी घाईने अर्ज करायचे कारण नाही. वॉशिंग्टनचे डीएआर ग्रंथालय आणि संग्रहालयही सर्वांना मोफत खुले आहे. वंशावळीचे काम करणाऱ्याने ते ग्रंथालय एकदा तरी पाहावेच.

सभासद झाल्यावर करायचे काय असते?

ते चॅप्टरवर आहे. क्रांतिकाळातली थडगी शोधून त्यांवर खुणेच्या पाट्या लावणे, जुन्या नोंदी उतरवून काढणे, शाळांमध्ये निबंध स्पर्धा घेणे, माजी सैनिकांच्या रुग्णालयात मदत करणे. १७ ते २३ सप्टेंबर हा संविधान सप्ताह डीएआरच्याच मागणीवरून १९५६ मध्ये कायद्याने ठरला.

आपल्यापैकी पुष्कळांनी या बायकांना आधीच पाहिले आहे. नागरिकत्वाची शपथ घेताना दारात छोटे झेंडे हातात देणाऱ्या, छातीवर रुंद फीत आणि पदके लावलेल्या स्त्रिया अनेक ठिकाणी डीएआरच्याच असतात. नव्याने येणाऱ्यांसाठी नागरिकत्वाची माहितीपुस्तिका ही संस्था १९२१ पासून काढते आहे.

एक पूर्वज सिद्ध झाला की दुसऱ्यांसाठी पूरक अर्ज करता येतो. काही जणी तिथेच थांबतात, काहींना त्याची गोडी लागते.

मुले लहान आहेत. थांबावे का?

थांबू नका. ‘चिल्ड्रन ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’मध्ये मुलगे आणि मुली दोघांनाही वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत राहता येते, आणि तोवर जमवलेले कागद पुढे डीएआर किंवा एसएआरच्या अर्जाला उपयोगी पडतात.

मुलांची अमेरिकन आजी नव्वदीला आली आहे. तिला काय विचारून ठेवू?

तिच्या आईचे माहेरचे आडनाव, आजीआजोबांची पूर्ण नावे, ते कोणत्या काउंटीत राहत आणि कुठे पुरले आहेत. राज्याचे नाव पुरेसे नाही, काउंटीच हवी, कारण जुने दफ्तर तिथेच असते. घरात जुने बायबल कोणाकडे आहे, ते विचारा. मोठ्या भावाकडे, चुलत बहिणीकडे, कुठेतरी असतेच. फोटोंच्या मागे नावे तिच्याकडूनच लिहून घ्या, आणि तीही पेन्सिलीने. तिच्या स्वतःच्या जन्मदाखल्याची आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत तिच्या हयातीत, तिच्याच सहीने मागवा. नंतर काही राज्यांत वारसांना ती मिळवायला बरेच हेलपाटे पडतात.